डॉन, डॉक्टर आणि दाराआडची गोष्ट

‘डॉक्टर, मला स्वतःला काही नाही. माझ्या एका मित्राला त्रास होतोय, म्हणून विचारायला आलोय.’

मानसोपचाराच्या ओपीडीत बसणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, हे वाक्य त्याने शेकडो वेळा ऐकलेलं असतं. मित्राला झोप लागत नाही. मित्राची छाती धडधडते. मित्राला लिफ्टमध्ये गुदमरतं. मित्राचं वय, गाव, नोकरी सगळं समोर बसलेल्या माणसाशी तंतोतंत जुळतं. आपण हसायचं नसतं. ‘बरं, मित्राला हे कधीपासून होतंय?’ असं विचारायचं आणि लिहून घ्यायचं.

हाच प्रसंग 1999 सालच्या ‘अ‍ॅनालाइज धिस’ या इंग्रजी विनोदी चित्रपटात आहे. तुमच्यापैकी अनेकांनी तो टीव्हीवर पाहिला असेल. न्यूयॉर्कचा माफिया डॉन पॉल व्हिटी (रॉबर्ट डी नीरो) मानसोपचारतज्ज्ञ बेन सोबेलच्या (बिली क्रिस्टल) दवाखान्यात शिरतो आणि मित्राची कहाणी सांगू लागतो. सोबेल म्हणतो, तो मित्र म्हणजे तुम्हीच असावात. व्हिटी थक्क होतो. या माणसाला काहीतरी सिद्धी आहे, असंच त्याला वाटतं!

आज या चित्रपटाच्या निमित्ताने दोन गोष्टींचा इतिहास सांगायचा आहे. एक म्हणजे पॅनिक अटॅक या दुखण्याचा. दुसरी, जी मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे तुम्ही डॉक्टरला सांगितलेली गोष्ट डॉक्टरकडेच राहते की नाही, याची.

आधी कथा थोडक्यात. सोबेल हा तसा साधा, जरा कंटाळलेला डॉक्टर. वडील नामवंत मानसोपचारतज्ज्ञ, त्यामुळे घरातही कौतुक कमीच. एके दिवशी त्याची गाडी एका गाडीला मागून धडकते. त्या गाडीच्या डिकीत एक माणूस कोंबलेला असतो. सोबेल नुकसानभरपाईसाठी आपलं कार्ड देतो आणि ते कार्ड फिरत फिरत डॉनपर्यंत पोहोचतं. मग सुटका नाही. डॉनला वाटेल तेव्हा डॉक्टर हजर पाहिजे. मायामीला सोबेलचं लग्न चाललंय, तिथेसुद्धा डॉन मध्यरात्री उठवून घेऊन जातो. सोबेल बिचारा नाही म्हणायचा प्रयत्न करत राहतो, पण ‘नाही’ हा शब्द ऐकायची समोरच्याला सवयच नसते.

चित्रपटात डॉनला होतंय काय? छातीत दुखतं, श्वास पुरत नाही, घाम फुटतो, आता आपण मरणार असं वाटतं. तो नाव बदलून हॉस्पिटलात जातो. हार्ट अटॅक आहे याची त्याला खात्रीच असते. तपासण्या होतात, हृदय ठणठणीत निघतं. तिथला डॉक्टर सांगतो की हा पॅनिक अटॅक आहे. यावर डॉन काय करतो? त्या डॉक्टरला बदडतो. थिएटरमध्ये इथे हशा पिकतो. मला मात्र हे दृश्य चित्रपटातलं सगळ्यात खरं वाटतं. ‘तुमच्या हृदयाला काही झालेलं नाही’ ही आनंदाची बातमी आहे असं आम्हा डॉक्टरांना वाटतं. ऐकणाऱ्याला मात्र ‘तुम्ही भित्रे आहात’ असं ऐकू येतं. आमच्याकडे कुणी मारत नाही, पण ईसीजी नॉर्मल आल्यावर चेहरा पडलेले पुरुष मी पुष्कळ पाहिलेत.

आता गंमत बघा. हे दुखणं वैद्यकशास्त्राच्या नजरेत पहिल्यांदा ठसठशीतपणे आलं, ते भित्र्या लोकांमुळे नव्हे, तर सैनिकांमुळे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या एका लष्करी रुग्णालयात जेकब दा कोस्टा नावाचे डॉक्टर काम करत होते. त्यांच्याकडे असे जवान येत, ज्यांची छाती धडधडायची, दुखायची, थोड्या श्रमाने दम लागायचा, चक्कर यायची. पण तपासल्यावर हृदयात दोष सापडत नसे. अशा 300 हून अधिक सैनिकांच्या नोंदींवरून त्यांनी 1871 मध्ये लेख लिहिला आणि या त्रासाला ‘चिडखोर हृदय’ अशा अर्थाचं नाव दिलं. पहिल्या महायुद्धात हाच प्रकार ‘सैनिकाचं हृदय’ म्हणून ओळखला जायचा. दुखणं हृदयाचं नाही हे दिसत होतं, तरी नावातून हृदय काही जाईना.

1895 मध्ये फ्रॉइडने ‘चिंतेचा मज्जाविकार’ वेगळा काढून मांडला. त्यात अचानक येणाऱ्या झटक्यांचं वर्णन आजही ओळखू येईल असं आहे. मग 1960 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड क्लाइन या डॉक्टरांच्या लक्षात आलं की, इमिप्रामिन नावाचं नवं औषध दिल्यावर काही रुग्णांचे भीतीचे झटके थांबतात, पण ‘पुन्हा झटका येईल का’ ही धास्ती मात्र रेंगाळते. म्हणजे झटका वेगळा आणि कायमची काळजी वेगळी. या निरीक्षणातूनच पुढे 1980 मध्ये अमेरिकन वर्गीकरणात ‘पॅनिक डिसऑर्डर’ हे स्वतंत्र निदान आलं. म्हणजे आपल्या डॉनला जे निदान ऐकवलं गेलं, ते तेव्हा अधिकृतपणे जेमतेम 19 वर्षांचं होतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाहीतर हा लेख वाचून कुणीतरी घरी बसेल. छातीत पहिल्यांदा दुखत असेल तर ‘पॅनिक असेल’ असं स्वतःच ठरवू नका. आधी हॉस्पिटल गाठा, ईसीजी काढा, डॉक्टरांना गरज वाटली तर रक्ततपासणी करा. पॅनिक अटॅक हे निदान डॉक्टरने हृदय तपासल्यावर करायचं असतं. चित्रपटातल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरनेसुद्धा ते तपासण्या झाल्यावरच केलं.

चित्रपटातल्या उपचारांबद्दल मात्र माझी थोडी तक्रार आहे. लहानपणी व्हिटीच्या डोळ्यांदेखत त्याच्या वडिलांचा रेस्टॉरंटमध्ये खून झालेला असतो. काहीतरी गडबड आहे हे पोराच्या लक्षात आलेलं असतं, पण वडिलांशी भांडण झाल्यामुळे तो गप्प बसतो. ते ओझं पन्नाशीपर्यंत वाहतो. शेवटी गोळीबार चालू असताना तो ढसाढसा रडतो आणि मोकळा होतो. पडद्यावर छान दिसतं. प्रत्यक्षात पॅनिकचे झटके असे एका रडण्यात जात नाहीत. भीतीचा झटका म्हणजे मरण नव्हे, हे शरीराला पुन्हा पुन्हा अनुभवाने शिकवावं लागतं. टाळलेल्या जागी हळूहळू परत जावं लागतं. गरज असेल तर काही महिने गोळ्या घ्याव्या लागतात. आणि ते उशीचं दृश्य! राग आला की उशीवर काढा, असं सोबेल सुचवतो; डॉन पिस्तूल काढून उशीवर गोळ्या झाडतो आणि बरं वाटलं म्हणतो. विनोद फक्कड आहे. पण राग ‘बाहेर काढल्याने’ कमी होतो हे प्रयोगांत दिसलेलं नाही. पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उलट वाढलेला आढळला. तेव्हा घरातल्या उश्यांना सोडा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ‘डॉन मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो’ ही कल्पना पटकथाकाराची थट्टा वाटते ना? त्याच वर्षी जानेवारीत ‘द सोप्रानोज’ ही मालिका सुरू झाली, तिचाही नायक पॅनिक अटॅकने पडलेला माफिया आणि त्याची डॉक्टर बाई. पण या दोन्हींच्या पन्नास वर्षं आधी हे खरोखर घडलं होतं.

फ्रँक कॉस्टेलो. जन्म 1891, इटलीच्या कॅलाब्रियातला, लहानपणी न्यूयॉर्कला आलेला. दारूबंदीच्या काळात दारू, मग जुगाराची यंत्रं. महापौर ला गार्डियाने 1934 मध्ये ती यंत्रं हातोड्याने फोडली, तेव्हा गड्याने धंदा न्यू ऑर्लिन्सला हलवला. पुढे तो न्यूयॉर्कच्या सगळ्यात मोठ्या टोळीचा प्रमुख झाला. वर्तमानपत्रं त्याला ‘अंडरवर्ल्डचा पंतप्रधान’ म्हणत, कारण बंदुकीपेक्षा ओळखीपाळखीवर त्याचा भर होता. 1943 मध्ये त्याच्या फोनवरचं एक संभाषण उघड झालं, त्यात न्यायाधीशपदाची उमेदवारी मिळालेला एक जण त्याचे आभार मानत होता!

उत्तम सूट, सेंट्रल पार्कसमोर घर, पण मनाला चैन नाही. प्रतिष्ठित लोकांनी आपल्याला आपलं म्हणावं ही त्याची आस होती. जानेवारी 1949 मध्ये त्याने एका धर्मादाय संस्थेसाठी कोपाकबाना क्लबात मोठी मेजवानी ठेवली. न्यायाधीश, पुढारी, सगळे आले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी पाहुण्यांची नावं छापली आणि ज्या मानासाठी हा खटाटोप होता, तोच गेला.

याच काळात, 1940 च्या दशकाच्या अखेरीस, तो न्यूयॉर्कच्या एका नावाजलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे, डॉ. रिचर्ड हॉफमन यांच्याकडे जात होता. कल्पना करा, त्या काळात, त्या धंद्यात! हाताखालच्यांना कळलं असतं की साहेब डोक्याच्या डॉक्टरकडे जातात, तर ‘मालक आता ढिला पडला’ एवढाच अर्थ निघाला असता, आणि तिथे ढिला पडलेला मालक फार काळ जगत नसे. आपल्याकडे एखादा माणूस ‘सोयरीक मोडेल’, ‘नोकरी जाईल’ म्हणून लपवतो. याचा तर जीवच पणाला लागलेला.

आणि झालं तेच. बातमी फुटली. पत्रकारांनी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांनी काय करायला हवं होतं? ‘माझ्याकडे कोण येतं, कोण येत नाही, याबद्दल मी बोलत नाही,’ बस्स. पण ते बोलले. होय, कॉस्टेलो माझा पेशंट आहे. त्याने जरा बऱ्या लोकांत ऊठबस करावी, असा सल्ला मी त्याला दिला आहे, अशा आशयाचं त्यांनी सांगितलं. कॉस्टेलोने उपचार तिथेच थांबवले. त्याने पत्रकारांना दिलेलं उत्तर पुढे गाजलं: डॉक्टरांनी मला जेवढ्या बऱ्या लोकांशी भेटवलं, त्याहून बऱ्या लोकांशी मीच डॉक्टरांची ओळख करून दिली आहे.

लोक हसले. आजही हा किस्सा विनोद म्हणूनच सांगितला जातो. पण एक डॉक्टर म्हणून वाचताना मला हसू येत नाही. सल्ला चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. एक माणूस, आयुष्यभर कुणावर विश्वास न टाकलेला, एकदाच एका खोलीत जाऊन बोलला. आणि त्या खोलीतलं वाक्य पेपरात आलं.

हे माझ्या मनाला का लागतं, तेही सांगतो. प्रॅक्टिस सुरू करून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका लग्नाच्या पंगतीत माझा एक पेशंट भेटला. डिप्रेशनमधून छान बाहेर येत होता. मला आनंद झाला आणि मी मोठ्याने विचारून बसलो, ‘काय, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?’ शेजारी त्याचे मेहुणे बसले होते. तो हसला, ‘हो हो’ म्हणाला. त्यानंतर तो माझ्याकडे कधीच आला नाही. दुसरीकडे गेला की औषध सोडलं, ते मला कधीच समजलं नाही. हॉफमन यांनी पत्रकारांना सांगितलं, मी पंगतीत. फरक तेवढाच. तेव्हापासून बाहेर पेशंट दिसला तर मी आधी ओळख दाखवत नाही. काहींना तो शिष्टपणा वाटतो. त्यांनी नमस्कार केला की मीही करतो, आणि हवापाण्याचं बोलतो.

कॉस्टेलोची पुढची कहाणी ऐका. 1951 च्या मार्चमध्ये सेनेटर केफॉव्हर यांच्या समितीसमोर त्याला साक्षीला बोलावलं. ती साक्ष टीव्हीवर दाखवली जात होती. माझा चेहरा दाखवू नका, असं त्याने सांगितल्यावर कॅमेरा त्याच्या हातांवर लावला गेला. कोट्यवधी लोकांनी घरबसल्या ते हात पाहिले: रुमाल चुरगाळणारे, बोटं गुंफणारे, कागदाशी चाळा करणारे. घोगरा आवाज आणि अस्वस्थ हात. चिंता कशी दिसते हे एखाद्या विद्यार्थ्याला शिकवायचं असेल तर मी ते चित्रण दाखवीन.

2 मे 1957 च्या रात्री तो घरी परतला, तर इमारतीच्या लॉबीत एका धिप्पाड माणसाने त्याच्यावर गोळी झाडली. मारेकऱ्याने आधी हाक मारली म्हणून कॉस्टेलोने मान वळवली आणि गोळी डोक्याला चाटून गेली. पोलिसांना संशयित सापडला: व्हिन्सेंट जिगांते. खटला उभा राहिला. कॉस्टेलो कोर्टात म्हणाला, मी मारणाऱ्याला ओळखत नाही. जिगांते सुटला.

म्हणजे गुन्हेगाराने आपल्यावर गोळी झाडणाऱ्याचं नावसुद्धा पोटात ठेवलं, आणि डॉक्टरला पेशंटचं नाव पोटात ठेवता आलं नाही. कॉस्टेलोचं गप्प बसणं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. तो टोळ्यांचा कायदा होता आणि त्यामागे भीती होती. पण आमची शपथ तर हिपोक्रेटिसच्या काळापासूनची आहे, त्यात गुप्ततेचं वचन स्पष्ट आहे.

(त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅपलाचिन गावी माफियांची मोठी बैठक पोलिसांनी उधळली. ‘अ‍ॅनालाइज धिस’ची सुरुवात याच बैठकीच्या आठवणीने होते. चित्रपटकर्त्यांनी इतिहास वाचला होता तर!)

‘पण डॉक्टर, पेशंट जर म्हणाला की मी कुणाचा तरी खून करणार आहे, तरी तुम्ही गप्प बसणार?’ हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. नाही, गप्प बसणार नाही. याचा निवाडाही एका दुःखद घटनेतून झाला. 1969 मध्ये कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात भारतातून शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने, ओळखीच्या एका तरुणीला मारण्याचा आपला विचार मानसतज्ज्ञाला बोलून दाखवला. त्या तज्ज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. त्यांनी त्याला पकडून, तो शहाण्यासारखा बोलतोय म्हणून सोडून दिलं. तरुणीला कुणीच सावध केलं नाही. काही आठवड्यांनी तिचा खून झाला. तिच्या आईवडिलांनी दावा लावला, आणि 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर त्याला वाचवण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे. हा टॅरासॉफ खटला जगभरच्या मानसोपचाराच्या पुस्तकांत आहे.

आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये संमत झाला आणि 2018 च्या मे महिन्यात लागू झाला. त्याचं कलम 23 तुमच्या माहितीची गुप्तता हा तुमचा हक्क मानतं. अपवाद मोजके आहेत: दुसऱ्याला इजा होण्याचा धोका, जिवाला धोका, न्यायालयासारख्या यंत्रणेचा आदेश, सार्वजनिक सुरक्षितता, तुमच्यावर उपचार करणारे इतर डॉक्टर आणि तुमचे नामनिर्देशित प्रतिनिधी. दुसऱ्याला वाचवायचं असेल तेव्हाही गरजेपुरतीच माहिती द्यायची, सगळी फाइल नव्हे. वकिलाला न्यायालयात अशिलाचं बोलणं झाकून ठेवता येतं, तसं संरक्षण डॉक्टरला मात्र नाही. न्यायाधीशांनी विचारलं तर सांगावं लागतं. या अपवादांत शेजारी नाहीत, ऑफिसचा साहेब नाही, होणारे व्याही नाहीत. चौकशीला आलेला सख्खा मामासुद्धा नाही. ‘आम्ही घरचेच आहोत, आम्हाला सांगायला काय हरकत आहे?’ असं अनेक जण प्रेमापोटी विचारतात. पेशंटला विचारल्याशिवाय मला सांगता येत नाही. राग मानू नका.

हिंदी चित्रपटांनीही हा डॉन-डॉक्टर खेळ केला. 2002 च्या ‘हम किसी से कम नहीं’मध्ये संजय दत्त मुन्नाभाई आणि अमिताभ बच्चन डॉक्टर. ‘अ‍ॅनालाइज धिस’ची छाया त्यावर उघड दिसते. पण माझ्या मते खरा बघण्यासारखा प्रसंग 2006 च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’त आहे. मुन्नाला गांधीजी दिसतात, आणि एक मानसोपचारतज्ज्ञ चक्क पत्रकारांसमोर त्याला प्रश्न विचारून तो भास असल्याचं सिद्ध करतो. ‘केमिकल लोचा’ हा शब्द आपल्या बोलण्यात तिथूनच आला. त्या प्रसंगात मुन्नाचा चेहरा पाहा. निदान बरोबर आहे. जागा चुकली आहे.

सोबेलची परीक्षाही अशीच होते. एफबीआय त्याच्या मागे लागते: अंगावर मायक्रोफोन लावून डॉनला बोलतं कर. आधी नको म्हणणारा हा डॉक्टर, डॉनच आपला घात करणार आहे असं भासवल्यावर तयारही होतो. पण त्या भेटीत डॉन वडिलांच्या मृत्यूबद्दल बोलू लागतो, आणि सोबेलला ते ऐकवत नाही. तो मायक्रोफोन काढून टाकतो. नको असलेला पेशंट तिथे त्याचा पेशंट होतो.

आणि तो गोळी झाडणारा जिगांते? पुढे तो स्वतः मोठा डॉन झाला. कित्येक वर्षं तो न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये बाथरोब आणि सपाता घालून पुटपुटत फिरायचा. वारंवार मनोरुग्णालयात भरती व्हायचा. तो गंभीर आजारी आहे, खटल्याला उभा राहू शकत नाही, असं नामांकित तज्ज्ञांनी कोर्टात सांगितलं. 1997 मध्ये त्याला शिक्षा झालीच, आणि एप्रिल 2003 मध्ये त्याने कबूल केलं की ते सगळं सोंग होतं. ‘अ‍ॅनालाइज धिस’चा पुढचा भाग त्याच्या चार महिने आधीच येऊन गेला होता, त्यात तुरुंगातला व्हिटी वेड्याचं सोंग घेतो!

एक डॉन दुखणं लपवून चोरून डॉक्टरकडे जात होता, दुसरा नसलेलं दुखणं रस्त्यावर मिरवत होता. माझ्या ओपीडीत दुसऱ्या प्रकारचे लोक क्वचित येतात. पहिल्या प्रकारचे रोज येतात. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर मित्राचं नाव सांगूनच या, चालेल. आणि दवाखान्याची पायरी चढणं अजून जमत नसेल, तर 14416 हा सरकारच्या ‘टेली-मानस’चा फोन नंबर आहे, मराठीतही बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.